शाळेचं एक पत्र आणि घरातली बंदूक: एक प्रकरण अभ्यास

(राज्य, गावं आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत. कायदे, आकडे आणि संशोधन जसंच्या तसं आहे.)

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातला हा एक शाळा-जिल्हा. इथे जिल्हा म्हणजे कलेक्टरचा जिल्हा नव्हे. चार-पाच गावं आणि उपनगरं मिळून शाळांचा कारभार पाहणारी ती स्वतंत्र संस्था असते, आणि तिचं सात जणांचं स्कूल बोर्ड मतदार निवडून देतात. या जिल्ह्याच्या एका टोकाला नवी वसाहत आहे. तिथे रुग्णालयात आणि आयटीत काम करणारी कुटुंबं राहतात, त्यांत आपली मराठी घरंही बरीच. दुसऱ्या टोकाला मका आणि सोयाबीनची शेती. तिथे नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की वर्गातली निम्मी मुलं गैरहजर असतात आणि शिक्षक ते गृहीतच धरतात. दोन्हीकडची मुलं एकाच हायस्कुलात येतात.

शेतीच्या बाजूला घरात बंदूक असणं म्हणजे ट्रॅक्टर असण्याइतकं साधं. नव्या वसाहतीत बंदुका नाहीत असा समज होता, पण तो खरा नव्हता. २०२० मध्ये महामारीच्या धास्तीने देशभर विक्रमी बंदूकखरेदी झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा पिस्तूल विकत घेणारी पुष्कळ माणसं अशाच वसाहतींतली होती. शिकाऱ्याच्या घरात निदान बंदूक हाताळण्याची काही रीत असते. या नव्या घरांत पिस्तूल पलंगाशेजारच्या खणात गेलं आणि तिथेच राहिलं.

राज्यात बंदूक घरी कशी ठेवावी याचा कायदा नव्हता. उलट, शहरांनी आणि काउंटींनी (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे राज्याचे विभाग) स्वतःचे बंदूकविषयक नियम करू नयेत असा राज्याचा कायदा होता. चाळीसहून अधिक राज्यांत या ना त्या स्वरूपात असे कायदे आहेत.

ज्या पालकगटाची ही गोष्ट आहे, तो २०२२ च्या मे महिन्यानंतर उभा राहिला. टेक्सासमधल्या युव्हाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या तेव्हा. पहिलं वर्षभर गटाने मेणबत्त्या लावल्या, आमदारांना पत्रं लिहिली आणि जूनमध्ये बंदूकहिंसेच्या निषेधाचे नारिंगी कपडे घालून मोर्चा काढला. गटाची समन्वयक लहान मुलांच्या वॉर्डातली नर्स. बाकी सगळे नव्या वसाहतीतले पालक.

काय घडलं

हिवाळ्यात दहावीतला एक मुलगा गेला. घरीच, वडिलांच्या पिस्तुलाने. शाळेच्या ईमेलमध्ये फक्त निधनाची बातमी होती, पण दुपारपर्यंत सगळ्या गावाला सगळं कळलं होतं.

गटात त्या रात्री एकच सूर होता: आता बोललंच पाहिजे. कुणी फोटो असलेलं फलक तयार करायला घेतलं. दोन दिवसांनी चर्चच्या पाद्रींमार्फत कुटुंबाचा निरोप आला, की आमच्या मुलाचं नाव कुठेही येऊ नये.

हा पहिला निर्णयबिंदू. एरवी अशा चळवळींचा सगळा जोर माणसाच्या चेहऱ्यावर असतो, कारण आकड्यांनी कुणी हलत नाही. इथे ज्या घटनेने सगळे हलले होते तीच सांगायची नव्हती. काहींचं म्हणणं होतं की नाव न घेता 'आपल्यातलाच एक मुलगा' असं बोलू. नर्सबाईंनी त्यालाही नकार दिला. आत्महत्येची गोष्ट तपशिलाने, पुन्हापुन्हा सांगितली की त्याच वयाच्या, आधीच खचलेल्या मुलांवर तिचा घातक परिणाम होऊ शकतो, हे आरोग्यक्षेत्रात नीट माहीत आहे. ज्या मुलांना वाचवायचं, त्यांच्याच कानावर आपण ही गोष्ट रोज घालणार का, असं तिने विचारलं. फलक गाडीच्या डिकीतून बाहेर आलं नाही.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात बरोबर निर्णय हाच होता. पण त्यामुळे गटाला आपलं म्हणणं पहिल्यापासून मांडावं लागलं.

प्रश्न पुन्हा मांडताना

गट उभा राहिला तो शाळेतल्या गोळीबाराच्या भीतीतून. मेटल डिटेक्टर, दाराची कुलुपं, मुलांना बाकाखाली लपायला लावणाऱ्या कवायती, चर्चा याच भोवती फिरायची. नर्सबाईंनी पुढच्या बैठकीला सीडीसी या केंद्रीय आरोग्यसंस्थेचे आकडे आणले. २०२२ मध्ये देशात बंदुकीने ४८,२०४ मृत्यू झाले, त्यांतले २७,०३२ आत्महत्येचे. म्हणजे निम्म्याहून जास्त. बंदुकीने केलेला आत्महत्येचा प्रयत्न दहांपैकी सुमारे नऊ वेळा जीवघेणा ठरतो, इतर बहुतेक मार्गांनी केलेल्या प्रयत्नांतून बहुसंख्य माणसं वाचतात. आणि पोरवयातला तो आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे, यावर सगळं येऊन ठेपतं.

'मग शाळेतल्या गोळीबाराचं काय?' असा प्रश्न आलाच. उत्तर त्याच खणात होतं. सीक्रेट सर्व्हिस या केंद्रीय सुरक्षा यंत्रणेने २०१९ मध्ये शाळांतल्या हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोर विद्यार्थ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून घेतली होती. म्हणजे मेणबत्त्या लावणाऱ्यांची भीती आणि त्या हिवाळ्यातलं दुःख, दोन्ही एकाच कुलूप नसलेल्या कपाटापाशी येत होती. गटाचा कार्यक्रम बदलला तो इथे.

कोणते पर्याय होते

राज्याचा कायदा करून घ्यावा, हा पहिला विचार. शेजारच्या मिशिगनने २०२३ मध्ये अल्पवयीन मुलं असलेल्या घरांत बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा केला होता आणि तो फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. पण तिथे विधिमंडळातलं बहुमत बदललं होतं, इथे ते बदलण्याची चिन्हं नव्हती. शहराच्या ठरावाचा रस्ता राज्याच्या कायद्याने आधीच बंद केलेला. शिवाय २००८ च्या हेलर निकालात सर्वोच्च न्यायालयाने राजधानी वॉशिंग्टनचा, घरातली बंदूक भाग सुटे करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवा, हा नियम रद्द केला होता. त्यामुळे वकील पालकाने 'सक्ती' हा शब्दच मसुद्यांतून काढायला लावला. मेटल डिटेक्टरला पैसा हवा, आणि तो लावून घरातला खण काही बंद होत नाही.

उरल्या दोन गोष्टी. एक, शाळेने दरवर्षी नावनोंदणीच्या वेळी पालकांना पत्र पाठवावं: घरात बंदूक असेल तर ती रिकामी, कुलपात आणि गोळ्या वेगळ्या ठेवा. दोन, फुकट कुलुपं वाटावीत. पत्राची कल्पना नवी नव्हती. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये शाळांना असं पत्र पाठवणं कायद्यानेच बंधनकारक केलं. (कॅलिफोर्निया कडक बंदूककायद्यांसाठी ओळखलं जातं. बोर्डाच्या सभागृहात त्याचं नाव घेतलं की अर्धी मतं तिथेच गेली, हे गटाला कुणी सांगायला नको होतं. बोर्डापुढच्या एकाही कागदावर ते नाव नाही.)

गटातल्या जुन्या लोकांना हे फारच किरकोळ वाटलं. वर्षभर मोर्चे काढून शेवटी काय, तर एक पत्र? समन्वयकाचं म्हणणं साधं होतं. विधिमंडळात आपण कुणीच नाही. स्कूल बोर्डाची बैठक मात्र खुली असते, तिथे कुणीही तीन मिनिटं बोलू शकतो, सातांतली चार मतं लागतात आणि त्या सातही जणांना आपण दुकानात भेटतो. जिथे आपलं वजन पडतं तिथली मागणी ठेवू.

बंदूकविक्रेत्याकडे जायचं का

इथे गट जवळजवळ फुटला. एका पालकाच्या मित्राचं काउंटीत बंदुकांचं जुनं दुकान होतं. नर्सबाईंना न्यू हॅम्पशायरमधला प्रयोग माहीत होता. २००९ मध्ये तिथे एका आठवड्याच्या आत तिघांनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि त्यांनी आत्महत्या केल्या. मालक हादरला. त्यातून दुकानदार आणि सार्वजनिक आरोग्याची माणसं एकत्र बसली आणि गन शॉप प्रोजेक्ट उभा राहिला. खचलेला गिऱ्हाईक कसा ओळखावा, विक्री कशी टाळावी, काउंटरवर कोणती माहितीपत्रकं ठेवावीत, हे सगळं बंदूकवाल्यांच्याच भाषेत.

तरी 'ज्यांनी विकल्या त्यांच्याच दारात जायचं' हे काहींना पटलं नाही. दोघी गट सोडून गेल्या. त्यांचा राग अनाठायी होता असं मला वाटत नाही, पण त्यांच्याकडे दुसरा मार्गही नव्हता.

दुकानदाराने तीन अटी घातल्या. बंदी हा शब्द नको. कुणाच्या घरी बंदूक आहे हे विचारायचं नाही. आणि कसलीही यादी नको. मग त्याने मसुदा हातात घेऊन तो सुधारला, आणि खरं सांगायचं तर सुधारलाच. 'बंदुका धोकादायक असतात' हे वाक्य त्याने काढलं. हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर घेतो, असं त्याचं म्हणणं. एक मुद्दा त्याने वाढवला: घरात कुणाचे दिवस वाईट चालले असतील तर काही काळ बंदूक घराबाहेर ठेवायची सोय बघा. दुसरंही त्यानेच दाखवून दिलं. परवानाधारक विक्रेत्याने पिस्तुलासोबत कुलूप द्यावं असा २००५ पासूनचा केंद्रीय कायदा आहे, त्यामुळे नव्या पिस्तुलांची कुलुपं खोक्यात पडून का होईना, असतात. पण आजोबांकडून आलेली रायफल किंवा शेजाऱ्याकडून घेतलेलं पिस्तूल यांच्यासोबत काहीच येत नाही. फुकट कुलुपं त्या घरांना हवीत.

शेतीकडचा एक शिकारीही सोबत आला. जूनमधले नारिंगी कपडे पाहून तो हसला होता. त्यांची कथा त्याला सांगितली तेव्हा मात्र गप्प झाला. शिकागोच्या हदिया पेंडल्टन या पंधरा वर्षांच्या मुलीला २०१३ मध्ये गोळी लागली. तिच्या मैत्रिणींनी तिच्या आठवणीसाठी हा रंग निवडला, तो जंगलात शिकारी एकमेकांची गोळी लागू नये म्हणून घालतात म्हणून.

पहिली बैठक

ही फसली. गट पन्नासेक लोक घेऊन गेला, सगळ्यांचे टी-शर्ट एकाच रंगाचे. सभागृह भरलं, पण बोर्डाला समोर आपली गावकरी मंडळी दिसली नाहीत, मोर्चा दिसला. वक्त्यांनी तीन-तीन मिनिटांत असॉल्ट रायफलींपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळं काढलं आणि पत्राचा मुद्दा कुठेतरी मधे हरवला. विरोधात बोललेला माणूस एकच वाक्य बोलला: 'आज सही मागतात, उद्या यादी मागतील.' मसुद्यात तेव्हा पालकांच्या सहीचा रकाना होता, आणि त्या वाक्याला गटाकडे उत्तर नव्हतं.

एका सदस्याने पर्याय सुचवला: एनआरए या बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेचा एडी ईगल कार्यक्रम शाळेत आणा. १९८८ पासून चालणारा हा कार्यक्रम लहान मुलांना शिकवतो की बंदूक दिसली तर थांबा, हात लावू नका, तिथून निघा, मोठ्यांना सांगा. नर्सबाईंनी तिथल्या तिथे २००१ मधला, 'पीडियाट्रिक्स' नियतकालिकातला अभ्यास सांगितला. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना एका खोलीत सोडलं होतं, खणात खरी, पण रिकामी पिस्तूल. बहुतेकांना ती सापडली, सापडलेल्यांतल्या बहुतेकांनी हाताळली, काहींनी चापही ओढला. आणि हाताळणाऱ्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना बंदुकीच्या सुरक्षिततेचं काही ना काही शिकवलेलं होतं. अभ्यास चोख आहे. पण तो सदस्य स्वतः प्रशिक्षक होता, आणि भर सभेत त्याला खोटं पाडल्यासारखं झालं. प्रस्ताव पुढे ढकलला गेला.

दुसरी बैठक

या वेळी गटाने फक्त चौघांना बोलायला लावलं: दुकानदार, शिकारी, नर्सबाई आणि जिल्ह्यातल्या एक निवृत्त समुपदेशक. (नोकरीत असलेल्या समुपदेशकाला बोलायचं होतं, पण नोकरीच्या भीतीने त्या आल्या नाहीत.) टी-शर्ट नाहीत, फलक नाहीत. एडी ईगलला विरोध नाही. तो मुलांसाठी, पत्र मोठ्यांसाठी, दोन्ही चालेल, एवढंच. दुकानदार जेमतेम दीड मिनिट बोलला. त्याच्याकडून पिस्तूल घेतलेले दोघे तरी बोर्डावर होते, हे सभागृहात सगळ्यांना माहीत होतं.

सहीवरून मात्र पुन्हा अडलं. मध्यंतरात बोर्डाच्या अध्यक्षांनी समन्वयकाला बाजूला घेऊन सांगितलं, सही काढली तर एक मत फिरेल. सही ठेवण्यामागे कारण होतं. सही करावी लागली की माणूस कागद वाचतो, नाहीतर नावनोंदणीच्या ढिगात तो एक पीडीएफ. तरीही तिने होकार दिला, गटातल्या कुणालाही न विचारता, कारण विचारायला दहा मिनिटंही नव्हती. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

परिणाम

ऑगस्टमध्ये पत्र गेलं, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. खाली ९८८ हा क्रमांक, जो जुलै २०२२ पासून देशभर मानसिक संकटाच्या मदतीसाठी चालतो.

कुलुपांचा अनुभव वेगळाच. पहिल्या महिन्यात ती शेरीफच्या कार्यालयात ठेवली होती आणि खोकी तशीच पडून राहिली. फुकट असली तरी बंदुकीचं कुलूप मागायला पोलिसांच्या काउंटरवर कोण जाणार? मग ती सार्वजनिक वाचनालयात, विचारायची गरज न ठेवता दारापाशीच ठेवली, मुलांच्या दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी ठेवली, आणि दुकानदाराने आपल्या गल्ल्याशेजारी ठेवली. तिन्ही ठिकाणची संपली.

वाटलेली कुलुपं केबल लॉक, म्हणजे बंदुकीतून ओवायच्या जाड तारेची होती. त्यांची मर्यादा दुकानदारानेच सांगितली: सोळा वर्षांच्या पोराला गॅरेजमधल्या कटरने ते तोडायला वेळ लागत नाही. शिवाय जे स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवतात ते केबल लावतच नाहीत, कारण रात्री ती काढायला वेळ जातो. त्यांच्यासाठी आकड्यांची कळ असलेली किंवा बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी पेटी बरी, पण ती फुकट वाटण्याइतके पैसे गटाकडे नव्हते. आणि बंदुकीचा मालकच खचलेला असेल तर किल्ली त्याच्याच खिशात असते. तिथे पत्रातली दुकानदाराने घातलेली ओळ कामाची, कुलूप नव्हे.

यामुळे किती जीव वाचले? एका शाळा-जिल्ह्याच्या आकारावरून असं काही सांगता येत नाही, आणि कुणी सांगत असेल तर सावध राहावं. बंदूक कुलपात, रिकामी, गोळ्या वेगळ्या आणि त्याही कुलपात, या चार गोष्टींचा मुलांच्या आत्महत्या आणि अपघात कमी असण्याशी संबंध आहे, हे २००५ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. गट त्याच्या पलीकडे कधी गेला नाही, हे बरं केलं.

एक परिणाम कुणी योजला नव्हता. नव्या वसाहतीतल्या आपल्या मंडळींत समज असा, की बंदूक आपल्या घरात नाही, तेव्हा हे पत्र आपल्यासाठी नाही. पण मुलं मित्राकडे रात्री झोपायला जातातच. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना कितीतरी वर्षं सांगते आहे की मूल कुणाच्या घरी पाठवण्याआधी तिथे कुलूप न लावलेली बंदूक आहे का ते विचारा. एका मराठी आईने बैठकीत विचारलं, 'पण असं कसं विचारायचं? आगाऊपणा वाटेल ना!' शिकारी म्हणाला, तुम्ही शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं सांगता, कुत्रा आहे का विचारता, त्याच दमात हेही विचारा. माझ्या घरी विचारलंत तर मी कपाट दाखवीन. तेव्हापासून ती तसंच विचारते आणि अजून कुणी रागावलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या बैठकीतली चूक वर आलीच आहे. तयारीच्या वेळी कुणीतरी बोर्डाच्या खुर्चीत बसून समोर काय दिसेल याचा विचार करायला हवा होता. प्रशिक्षक सदस्याला अभ्यास आधी, खासगीत दाखवता आला असता. तो कदाचित बदलला नसता, पण निदान शेवटपर्यंत विरोधात ठाम राहिला नसता.

सहीचा सौदा योग्य होता की नाही यावर गटात आजही दोन मतं आहेत. माझं मत, सौदा ठीक, पद्धत चूक. बैठकीच्या आधी 'कशावर माघार घ्यायची आणि कशावर नाही' हे ठरवून ठेवलं असतं तर समन्वयकावर एकटीने ठरवायची पाळी आली नसती. ठरावात पत्र दरवर्षी जाईल असं लिहून घेणं सहीपेक्षा जास्त मोलाचं होतं आणि ते घासाघिशीत सुटलं. आता ते सुपरिंटेंडेंटच्या, म्हणजे शाळा-जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे.

त्या कुटुंबाकडे गटातल्या कुणी सुरुवातीलाच सांत्वनाला जायला हवं होतं, मोहिमेसाठी नव्हे. पाद्रींमार्फत निरोप यावा लागला, यातच ते आलं.

सगळ्यात मोठी उणीव ठरावानंतरच्या बैठकीत समोर आली. महामार्गाजवळच्या अपार्टमेंटमध्ये राहणारी एक कृष्णवर्णीय आई आली. तिच्या भाच्याला रस्त्यावर गोळी लागली होती. ती म्हणाली, तुमची कपाटं बंद होतील, चांगलंच आहे, पण आमच्या मुलांना मारणारी बंदूक कुणाच्या आईच्या खणातली नसते. इतक्या महिन्यांत तिच्या इमारतीतल्या कुणालाही गटाने बोलावलं नव्हतं. तिला हवं होतं ते वेगळंच: शिकागोत २००० पासून आणि कॅलिफोर्नियाच्या रिचमंडमध्ये २००७ पासून चालतं तसं, त्याच वस्तीतल्या, मुलांचा विश्वास असलेल्या माणसांनी भांडण गोळीपर्यंत जाण्याआधी मधे पडण्याचं काम. २०२२ च्या केंद्रीय कायद्याने अशा कामांसाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलर ठेवले होते. त्यासाठी काउंटीला अर्ज करता येत होता, पण या काउंटीने तो कधी केलाच नव्हता.

आता गटातल्या दोघी तिच्यासोबत काउंटीच्या बैठकांना जातात. तिथे बोलते ती, या दोघी टिपणं काढतात आणि अर्जाचे कागद जुळवतात. दुकानदाराला बोलावलं होतं. त्याने सांगितलं की हे माझं क्षेत्र नाही, पण काउंटी कमिशनर माझा गिऱ्हाईक आहे, त्याच्याशी बोलून बघतो.